फेनवे पार्क, श्रावणी सोमवार आणि बाबांचं स्कोअरकार्ड

ठाणे_स्लो

ताई बॉस्टनच्या पश्चिमेला, वूस्टरच्या अलीकडच्या एका गावात राहते. तिच्याकडे महिनाभर गेलो होतो: मी, बायको, अकरा वर्षांची लेक आणि आई-बाबा. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, आउटलेट मॉल तर तीनदा झाला. शेवटच्या आठवड्यात भावोजी म्हणाले, फेनवे पार्कला, म्हणजे बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाच्या मैदानावर, एक बेसबॉलचा सामना बघून जा. बायको लगेच तयार. तिथे छोट्या प्लास्टिकच्या हेल्मेटमध्ये आइस्क्रीम देतात एवढं लेकीला कळलं होतं, तिला बाकी काही नको होतं. बाबा मात्र म्हणाले, "ज्या खेळात बॉल टप्पाच घेत नाही, तो बघायचा काय?"

बाबांबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. वय ७२. नोकरी बँकेत केली, पण जीव रमला कांगा लीगमध्ये, आणि तोही खेळण्यात नाही, स्कोअर लिहिण्यात. मुंबईबाहेरच्यांसाठी: ही भर पावसाळ्यात चालणारी क्रिकेट स्पर्धा, १९४८ पासूनची. आझाद मैदानावर शेजारीशेजारी इतके सामने चालू असतात की आपला मिडविकेट आणि त्यांचा पॉइंट एकमेकांच्या पायात येतात. बाबा तंबूच्या तोंडाशी बसून, छत्री मानेत अडकवून स्कोअरबुक कोरडं ठेवायचे. ती पुस्तकं अजून माळ्यावर आहेत आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्यावरून भांडण होतं.

सामन्याची तारीख आणि समोरचा संघ मुद्दाम सांगत नाही. इथे कोणीतरी बॉक्स स्कोअर (सामन्याचा छापील धावफलक) शोधून काढेल, बाबांच्या चुका दाखवेल आणि मला घरात ऐकावं लागेल. सोमवार होता, श्रावणी, एवढं पुरे.

ताईकडून जायला गाडी काढायची गरज नाही. वूस्टर लाइनच्या लोकलला लॅन्सडाउन नावाचं स्टेशन आहे, उतरलं की मैदान समोरच. (बॉस्टन शहरातून येणाऱ्यांनी ग्रीन लाइननं केनमोरला उतरायचं. बी, सी, डी तिथे जातात, ई जात नाही. आम्ही आदल्या आठवड्यात दुसऱ्याच कामाला निघालो असताना ई-मध्ये बसून हा धडा घेतला आहे.)

पहिला घोळ आमचाच. माझ्या पाठीवर सॅक, सॅकमध्ये आईच्या उपवासाचा साबुदाण्याच्या खिचडीचा डबा. पाठीवरची सॅक आत चालत नाही हे साइटवर लिहिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं. मग काय, जर्सी स्ट्रीटच्या कडेला, लाल टोप्या घातलेल्या गर्दीत उभं राहून आईनं खिचडी संपवली. येणारे-जाणारे डब्यात डोकावत होते. एकानं तर ही कुठल्या स्टॉलवर मिळते असं विचारलं. सॅक पैसे भरून बाहेर ठेवली आणि आत गेलो.

दुसरा घोळ खांबाचा. फेनवे पार्क २० एप्रिल १९१२ ला सुरू झालं, टायटॅनिक बुडाली त्यानंतर पाचच दिवसांनी. तेव्हाचं बांधकाम, त्यामुळे ग्रँडस्टँडचं छप्पर खांबांवर उभं आहे आणि ते खांब प्रेक्षकांच्या मधोमध आहेत. तिकीट काढताना 'अडथळा आहे' अशी बारीक सूचना असते. मी स्वस्त दिसली म्हणून पाच काढली. बाबांच्या खुर्चीतून पिचर दिसत होता, बॅटर दिसत होता, पण दोघांच्या मधे हिरवा खांब. बॉल खांबात शिरायचा आणि पलीकडून बाहेर यायचा. लाकडी खुर्च्याही जुन्या मापाच्या, गुडघे पुढच्याच्या पाठीला. मी मुकाट्यानं त्यांच्याशी जागा बदलली.

आता ती प्रसिद्ध भिंत. डावीकडे मैदान अचानक संपतं, कारण मागे रस्ता आहे. होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, भिंत जेमतेम ३१० फुटांवर. एवढ्या जवळ सीमा असेल तर कोणीही षटकार मारेल, म्हणून भिंत ३७ फूट उंच, नखशिखांत हिरवी. तिला ग्रीन मॉन्स्टर म्हणतात. बायको म्हणाली, हे तर आमच्या सोसायटीतलं क्रिकेट झालं. अगदी बरोबर. समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीला लागला तर दोन, गच्चीवर गेला तर आउट, तसे जागेनं घडवलेले नियम. एरवी सरळ होम रन झाला असता असा सणसणीत फटका इथे भिंतीवर आपटून खाली पडतो आणि बॅटर दुसऱ्या बेसवर अडकतो. आणि दुसऱ्या मैदानात आरामात झेल गेला असता असा उंच लोंबकळता फटका इथे भिंत ओलांडून जातो.

भिंतीच्या पायथ्याशी धावफलक आहे, तो अजून हातानं बदलतात. आत माणसं बसलेली असतात, आकड्यांच्या पाट्या लावतात. बाबा पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले ते हे बघून.

पण पहिले दोन डाव कंटाळवाणेच गेले, खोटं कशाला बोलू. मी समजावून सांगत होतो: नऊ डाव, प्रत्येक डावात दोघांचीही बॅटिंग, तीन बाद झाले की पाळी बदलली. तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा मारण्याजोगे असून सोडलेले चेंडू, झाले की बाद. चार 'बॉल', म्हणजे बॅटच्या टप्प्याबाहेरचे चेंडू, सोडले की पहिला बेस फुकट. बाबा "हं, हं" म्हणत होते. हा "हं" मी ओळखतो, लग्नाच्या व्हिडिओच्या वेळी येतो तोच.

तिसऱ्या डावाआधी मी लेकीला हेल्मेटवालं आइस्क्रीम आणायला घेऊन गेलो आणि येताना एक स्कोअरकार्ड आणि पेन्सिल घेऊन आलो. खरं तर लेकीला चाळा म्हणून. बाबांनी ते तिच्या हातातून काढूनच घेतलं.

कार्डावर प्रत्येक बॅटरची एक ओळ, प्रत्येक डावाचा एक उभा रकाना, आणि प्रत्येक चौकोनात एक छोटा डायमंड (बेसचा तिरपा चौकोन) छापलेला. बॅटर जसा बेसवरून बेसवर जाईल तशी त्या डायमंडची एकेक बाजू गिरवायची. धाव पूर्ण झाली की डायमंड भरून टाकायचा. बाबांनी पहिल्या बाद बॅटरच्या चौकोनात सवयीनं फुलीसारखं काहीतरी काढलं. त्यांच्या पलीकडे एक आजीबाई बसल्या होत्या, ऐंशीच्या तरी असतील. मांडीवर स्वतःची जाडजूड स्कोअरबुक. त्यांनी डोकावून बघितलं आणि बाबांच्या हातातली पेन्सिल घेऊन शेजारी रोमन के काढला. स्ट्राइकआउटला के. बॅट फिरवून हुकला तर सरळ के, नुसता बघत उभा राहिला तर उलटा के, आरशात दिसतो तसा.

उलटा के बघून बाबा जे खुलले! "म्हणजे सोडून दिला आणि दांडी उडाली. त्याला वेगळी खूण! आपल्याकडे का नाही?"

मग आजीबाईंनी आकडे शिकवले. क्षेत्ररक्षकांना १ ते ९ क्रमांक: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. पाचव्या डावात जमिनीवरून एक फटका आला, शॉर्टस्टॉपनं उचलून दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्यावर, दोन बाद. आजीबाईंनी न बघताच लिहिलं: ६-४-३. बाबा त्या तीन आकड्यांकडे बघत बसले. क्रिकेटच्या पुस्तकात झेल कोणी घेतला ते लिहितात, पण चेंडू कोणाकडून कोणाकडे गेला तो प्रवास कुठेच उरत नाही.

बदल्यात बाबांनी कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांना निर्धाव षटक काढून दाखवलं. सहा ठिपके, तीन वर आणि तीन खाली, आणि ते जोडून एम. त्यात विकेट पडली असेल तर डब्ल्यू. आजीबाईंनी ते दोनदा काढायला लावलं. बाबांचं इंग्रजी बँकेच्या पत्रव्यवहारातलं, आजीबाईंचं पक्कं बॉस्टनचं, र गिळणारं. तरी दोघांचं जे चाललं होतं त्यात आम्हाला कोणी विचारत नव्हतं.

आईचं वेगळंच. उपवासाला शेंगा चालतात, आणि तिथे खारवलेल्या भाजक्या शेंगांच्या पिशव्या मिळतात. तिनं एक संपवली. आजूबाजूचे सगळे टरफलं सरळ पायाशी टाकत होते, तसाच रिवाज आहे. आईला ते बघवेना. तिनं पर्समधली पिशवी काढून आपली टरफलं त्यात भरली, आणि थोड्या वेळानं पुढच्या रांगेतल्या मुलांचीही.

सातव्या डावाच्या मध्ये सगळं मैदान उभं राहतं, हातपाय मोकळे करतं आणि एकसुरात गातं. बाबांना वाटलं पुन्हा राष्ट्रगीत, ते सावधानमध्ये. आठव्यात आणखी एक जुनं गाणं लागतं, ते तर अनोळखी लोक खांद्यावर हात टाकून गातात. यजमान हरले. कोणाला फार वाईट वाटलेलं दिसलं नाही. १६२ सामने असतात मोसमात, उद्या पुन्हा आहेच.

तर मुद्दा इतकाच की ज्येष्ठ मंडळींना घेऊन जाणार असाल तर नियम समजावत बसू नका. आत शिरलात की आधी स्कोअरकार्ड आणि पेन्सिल घ्या, आणि कार्ड त्यांच्या हातात द्या. माझे पहिले दोन डाव फुकट गेले.

---

रोमातली_रमा

बरेच दिवस रोमात (नुसती वाचत) होते, या धाग्यासाठी लॉगिन केलं. उपवासाची खिचडी जर्सी स्ट्रीटवर, हे चित्र डोळ्यांसमोरून जात नाही. काकूंनी शेंगाही खाल्ल्या आणि टरफलंही उचलली, वर दुसऱ्यांची. टिळकांच्या गोष्टीचा दुसरा अंक बॉस्टनमध्ये झाला म्हणायचा.

एक विचारायचं होतं: लहान मुलांना घेऊन गेलं तर बॉल लागायची भीती असते का? आम्ही पुढच्या जूनमध्ये चाललोय, धाकटा चार वर्षांचा आहे.

---

कट्टर_कसोटी

लेख चांगला. पण क्रिकेट बघणाऱ्या माणसाला यात काय मिळतं ते अजून कळलं नाही. खेळपट्टी नाही म्हणजे फिरकी नाही, चेंडू जुना होणं नाही, पाचव्या दिवसाच्या भेगा नाहीत. बॅटर दहापैकी सात वेळा अपयशी ठरतो आणि तरी त्याला थोर म्हणतात. आणि पुन्हा 'वर्ल्ड सिरीज' म्हणे, खेळणार कोण, तर अमेरिका आणि एक कॅनडाचा संघ.

---

ठाणे_स्लो

@रोमातली_रमा: फाउल बॉल (रेषेबाहेर प्रेक्षकांत उडणारे फटके) खरंच जोरात येतात. २०१८ पासून तिसाही मैदानांत जाळी निदान डगआउटच्या टोकापर्यंत वाढवली आहे. चार वर्षांचं पोर असेल तर जाळीच्या मागचीच जागा घ्या, बॉल पकडायची हौस नंतर कधीतरी. आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसू नका.

@कट्टर_कसोटी: वर्ल्ड सिरीजबद्दल बिनशर्त माघार. फिरकीबद्दल मात्र नाही. बॉल हवेतच वळतो, आणि असा वळतो की दोन-तीन डाव नीट बघितल्यावर मला टप्प्याची आठवण येईना. बाकी, पाच दिवस खेळून अनिर्णित राहणाऱ्या खेळाच्या भक्तांनी दुसऱ्यांच्या खेळाला काय मिळतं असं विचारू नये. (मीही त्यातलाच.)

---

मुक्काम_शिकागो

फेनवे बघितलंत, आता रिग्ली बघा. १९१४ चं, म्हणजे फेनवेपेक्षा दोनच वर्षांनी लहान. मैदानाच्या विटांच्या भिंतीवर आयव्हीची वेल आहे, १९३७ मध्ये लावलेली. बॉल वेलीत अडकून दिसेनासा झाला की क्षेत्ररक्षकानं दोन्ही हात वर करायचे, बॅटरला दोन बेस. झुडपात बॉल हरवला की दोन, हाही सोसायटीचाच नियम.

ज्येष्ठांसाठी खरा फायदा वेगळा आहे. रिग्लीवर १९८८ च्या ऑगस्टपर्यंत दिवेच नव्हते, त्यामुळे दुपारच्या सामन्यांची परंपरा अजून टिकून आहे. भारतातून आलेल्या आई-बाबांना पहिल्या आठवड्यात संध्याकाळी सात वाजता डोळे उघडे ठेवणं जमत नाही. दुपारी एक-दीडचा सामना घ्या, रेड लाइननं ॲडिसनला उतरा, संध्याकाळच्या चहाला घरी. माझ्या सासूबाई तिसऱ्या डावात झोपल्या आणि सातव्यात सगळ्यांबरोबर उभ्या राहून गायल्या. आता त्यांच्या मते तो खेळ फारच छान आहे.

---

शाहूपुरी_थेट

शेंगा फोडून टरफलं खाली टाकत्यात म्हंजे आमचं शाहू स्टेडियमच की. फुटबॉलच्या मॅचला या एकदा कोल्हापूरला, टरफलाचा थर घोट्यापातुर असतोय. तुमच्या आईसाहेबांना एकच पिशवी पुरायची न्हाई.

---

ताकोयाकी_आणि_ताक

ओसाकाजवळ सहा वर्षं आहे, म्हणून जपानची भर घालते. इथे हानशिन कोशिएन स्टेडियम आहे, १९२४ चं, स्टेशनचंही तेच नाव, उतरलं की समोर. हानशिन टायगर्सचं घर. अमेरिकेतला सामना तुम्ही सांगताय तसा गप्पा मारत, शेंगा खात बघायचा असतो. इथे तसं नाही. प्रत्येक बॅटरचं वेगळं गाणं असतं, ट्रम्पेट आणि ढोल घेऊन टोळी बसलेली असते, आणि आपला संघ बॅटिंग करत असेतो अख्खा स्टँड गात असतो. समोरच्यांची बॅटिंग आली की हे शांत, ते सुरू. गणपतीतल्या ढोलताशा पथकाची शिस्त डोळ्यांसमोर आणा.

पाठीवर बिअरची टाकी बांधून मुली पायऱ्या चढत-उतरत असतात, हात वर केला की गुडघ्यावर बसून ग्लास भरून देतात. मुळात ते वजन घेऊन तीन तास चढउतार करणं हाच एक खेळ आहे. फाउल बॉल येतोय असं दिसलं की कर्मचारी शिट्टी वाजवतात, सगळे वर बघतात.

आणि @कट्टर_कसोटी, तुमच्यासाठी खास: इथे बाराव्या डावानंतरही बरोबरी असेल तर साखळी सामना अनिर्णित सोडतात. या, तुमचं मन रमेल.

टायगर्सची एक दंतकथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८५ मध्ये ते जिंकले तेव्हा चाहत्यांनी आनंदाच्या भरात केएफसीच्या दारातला कर्नल सँडर्सचा पुतळा दोतोनबोरीच्या कालव्यात फेकला. मग वर्षानुवर्षं जपान सिरीजचं, म्हणजे देशाचं, जेतेपद नाही. लोक म्हणायला लागले, कर्नलचा शाप. २००९ मध्ये पुतळा कालव्यातून निघाला, तरी शाप काही सुटेना. शेवटी २०२३ मध्ये जिंकले, ३८ वर्षांनी.

---

कट्टर_कसोटी

अनिर्णित? विचार करतो.

---

मुक्काम_शिकागो

शापांची गोष्ट निघालीच आहे तर बॉस्टनचा मोठा होता. १९१८ च्या जेतेपदानंतर बेब रूथ या थोर खेळाडूला न्यूयॉर्क यांकीजना विकला आणि पुढचं जेतेपद थेट २००४ मध्ये, ८६ वर्षांनी. आमच्या शिकागो कब्जचा १०८ वर्षांचा: १९०८ नंतर २०१६. त्यामुळे ३८ वर्षांना आम्ही शाप म्हणत नाही, उशीर म्हणतो.

---

वूस्टरकर_वहिनी

अहो ठाणे_स्लो, आमच्या अंगणातून गेलात आणि पोलर पार्क बघितलं नाहीत? रेड सॉक्सचा खालच्या पातळीचा, ट्रिपल ए संघ २०२१ पासून वूस्टरमध्येच खेळतो. तिकीट फेनवेच्या मानानं स्वस्त, जागा मोकळी, मुलांना पळायला जागा. उद्या मोठ्या संघात जाणारी पोरं हाताच्या अंतरावर सराव करताना दिसतात. पाच जणांचं कुटुंब असेल तर मी आधी तिथेच पाठवेन, खेळ आवडला तर मग फेनवे.

हाच संघ आधी पॉटकेटला होता. तिथे १९८१ च्या एप्रिलमध्ये व्यावसायिक बेसबॉलमधला सगळ्यात लांब सामना झाला. ३३ डाव. रात्री सुरू झाला, पहाटे चारनंतर ३२ डावांवर थांबवला, आणि उरलेला जूनमध्ये खेळवला. जूनमध्ये एकच डाव लागला. पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेले वेड बॉग्ज आणि कॅल रिपकन धाकटा, दोघेही त्यात समोरासमोर होते. पहाटेपर्यंत थांबलेल्या मूठभर प्रेक्षकांना मोसमाचे पास दिले म्हणे.

आता असं होत नाही. बरोबरी झाली की दहाव्या डावापासून दुसऱ्या बेसवर एक माणूस आयता उभा करतात.

---

ठाणे_स्लो

वहिनी, भावोजींनी हे सांगितलंच नाही. आता त्यांना हा धागा पाठवतो.

वेळेबद्दल व्यनितून (खासगी निरोपातून) दोघातिघांनी विचारलं. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय. बेसवर कोणी नसेल तर १५ सेकंद, असेल तर आता १८. त्यामुळे सामना साधारण दोन तास चाळीस मिनिटांत उरकतो, पूर्वी तीन तासांच्या वर जायचा. परतीच्या शेवटच्या लोकलची वेळ मात्र आधी बघून ठेवा. खर्चाचा आकडा विचारू नका, बायको इथे वाचते. मधल्या वारचा, एप्रिल-मेच्या थंडीतला सामना स्वस्त पडतो. यांकीज आले की भाव चढतो.

---

जुनी_कात्रणं

धाग्यात एका माणसाचं नाव यायला हवं होतं: हेन्री चॅडविक. जन्म इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, १८२४. लहानपणी घरच्यांबरोबर अमेरिकेत आला आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या लिहायला लागला. तेव्हा तिथे क्रिकेट जोरात होतं. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातला पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना न्यूयॉर्कलाच झाला, १८४४ मध्ये. पुढे १८५६ मध्ये एका क्रिकेट सामन्यावरून परतताना त्यानं बेसबॉल बघितला आणि त्याच्या मागे लागला. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर ही त्याची देणगी, क्रिकेटच्या धावफलकावरून घेतलेली. स्ट्राइकआउटचा के हाही त्याचाच. इंग्रजी 'स्ट्रक' शब्दाचं शेवटचं अक्षर त्यानं उचललं, कारण पहिलं अक्षर आधीच दुसऱ्या कामाला गुंतलं होतं.

म्हणजे तुमच्या बाबांनी आजीबाईंकडून परकं काही घेतलं नाही. क्रिकेटच्या स्कोअररनं बांधलेल्या घरातच ते गेले.

अवांतर शंका: शॉर्टस्टॉप उभा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, मग त्याचा क्रमांक ५ का नाही?

---

मुक्काम_शिकागो

आधी तिन्ही बेसवाले मोजून घेतले, मग उरलेला फिरता माणूस. सुरुवातीच्या काळात शॉर्टस्टॉप एका जागी नसायचाच, बाहेरून आलेला बॉल आत पोचवायला मध्ये धावपळ करायचा. म्हणून ६. इतकंच मला माहीत आहे.

---

रोमातली_रमा

बाबांच्या कार्डाचा फोटो टाका ना. उलटा के बघायचाय.

---

ठाणे_स्लो

मागितला होता. दिला नाही. "हिशोब जुळत नाही, जुळल्याशिवाय कोणाला दाखवायचं नाही," म्हणाले. क्रिकेटमध्ये फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर आणि गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय-लेगबाय, या दोन्ही बेरजा एक आल्या पाहिजेत. तशी इथली ताळ्याची पद्धत कोणाला माहीत असेल तर सांगा. विमानातही ते कार्ड काढून बसले होते.

---

जुनी_कात्रणं

आहे की. एका संघाचे जितके बॅटर प्लेटवर आले, त्यातल्या प्रत्येकाचं तीनपैकी एकच काहीतरी झालेलं असतं: धाव केली, बाद झाला, किंवा डाव संपला तेव्हा बेसवर उरला. म्हणून धावा + बाद + बेसवर उरलेले = एकूण बॅटर. आणि एकूण बॅटर मोजायचे ते असे: अधिकृत ॲट-बॅट (पुढच्या तीन प्रकारांत न बसणाऱ्या पाळ्या) + वॉक (चार 'बॉल'वर मिळालेला फुकट बेस) + बॉल अंगाला लागून बेस मिळालेले + सॅक्रिफाइस (स्वतः बाद होऊन साथीदाराला पुढे सरकवणं). दोन्ही बाजू सारख्या आल्या की कार्ड पक्कं.

---

ठाणे_स्लो

बाबांना वाचून दाखवलं. चहा टेबलावर तसाच गार झाला. पाहुण्या संघाचं मांडलं: धावा ५, बाद २७, उरलेले ७. झाले ३९. दुसरी बाजू: ॲट-बॅट ३४, वॉक ३, सॅक्रिफाइस १. झाले ३८. एक बॅटर कुठेतरी हरवला.

बाबा म्हणतात, सहाव्या डावात ते आईला घेऊन स्वच्छतागृहापर्यंत गेले होते, तेवढ्यापुरतं कार्ड लेकीकडे होतं. परत आले तर पहिल्या बेसवर माणूस उभा, म्हणून उरलेल्यांत मोजला. तो तिथे आला कसा ते लिहिलेलंच नाही. चौकोनात नुसती रेघोट्यांची खिचडी आहे.

---

वूस्टरकर_वहिनी

मग लेकीला विचारा की!

---

ठाणे_स्लो

विचारलं. ती शाळेतून आल्या आल्या बाबा कार्ड घेऊन दारातच उभे होते.

तिनं बूटही न काढता बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, हा पाय आहे. आणि हा त्याला लागलेला बॉल. मला त्याची खूण माहीत नव्हती, म्हणून चित्र काढलं."

बाबांनी चष्मा पुसून परत बघितलं. खरंच पाय आहे, पाच बोटांसकट, शेजारी टेंगूळसुद्धा. ३९ ला ३९.

फोटो संध्याकाळी टाकतो. सध्या ते शाईनं कार्ड पक्कं करतायत. चित्र खोडायचं नाही असं ठरलंय.